डॉक्टर व्हायचे आहे? मग 'मानवी पोषण' हा धडा सोडू नका

दहावीचा निकाल लागला की वस्तीतल्या दर चार-पाच घरांमागे एका घरात तरी ऐकू येते, "पोरगी सायन्स घेते म्हणते, डॉक्टर व्हायचंय तिला." आईबापाला आनंद होतो आणि त्याच रात्री हिशेबही सुरू होतो. क्लासची फी किती, पुस्तके कोणती, मराठी शाळेतून आलेल्या पोरीला अकरावीचे इंग्रजी झेपेल का, असे प्रश्न निघतात. त्यात कोणीतरी शहाणा सल्ला देतो, "अकरावीच्या जीवशास्त्रात 'मानवी पोषण' म्हणून धडा आहे, तो नीटला येत नाही. सरळ सोडून दे."

हा सल्ला अर्धा खरा आहे आणि अर्धा सल्ला नेहमी नुकसान करतो. म्हणून या वेळी आपल्या पानावर हाच धडा घेऊ. मुलामुलींनी वही घेऊन बसावे. आईबाबांनीही वाचावे, कारण या धड्याची प्रयोगशाळा तुमच्याच स्वयंपाकघरात आहे.

आधी परीक्षेचा हिशेब

एमबीबीएसला प्रवेश नीट या परीक्षेतून होतो. एकूण गुण ७२०, प्रश्न १८०. भौतिकशास्त्राचे ४५, रसायनशास्त्राचे ४५ आणि जीवशास्त्राचे ९०. म्हणजे निम्मे गुण, ३६०, एकट्या जीवशास्त्राचे. बरोबर उत्तराला ४ गुण मिळतात, चुकीच्या उत्तराला १ गुण कापला जातो. प्रश्नपत्रिका मराठीतही मिळते, पण भाषा अर्ज भरतानाच निवडावी लागते. भाषांतरात काही शंका निघाली तर इंग्रजी प्रश्न ग्राह्य धरतात, म्हणून इंग्रजी शब्द ओळखीचे असलेच पाहिजेत.

एनसीईआरटीच्या अकरावीच्या पुस्तकात 'पचन आणि शोषण' हा धडा होता. तो पुस्तकातून काढला गेला आणि २०२४ पासून नीटच्या अभ्यासक्रमातूनही वगळला गेला. आपल्या राज्य मंडळाच्या अकरावीच्या जीवशास्त्रात मात्र 'मानवी पोषण' हा चौदावा धडा आहे. कॉलेजच्या परीक्षेत तो विचारतात, नीटमध्ये त्यावर थेट प्रश्न येत नाही.

मग तो मन लावून का शिकायचा? तीन कारणे आहेत. पहिले, नीटला असलेले अनेक धडे याच धड्याच्या धाग्यात ओवलेले आहेत. जैवरेणू, श्वसन, रक्ताभिसरण, उत्सर्जन, संप्रेरके हे सगळे धडे 'खाल्लेल्या घासाचे पुढे काय होते' याच प्रश्नाची उत्तरे देतात. घासाचा प्रवास समजला की हे धडे पाठ करावे लागत नाहीत, आठवतात. दुसरे, एमबीबीएसच्या पहिल्या वर्षाला शरीररचना, शरीरक्रिया आणि जीवरसायन हे तीन विषय असतात. तिन्हींत पचन आणि पोषण येते, आणि तिथे कोणी 'हे बारावीत सोडले होते' असे ऐकून घेत नाही. तिसरे, डॉक्टर व्हायला निघालेल्या मुलीचे स्वतःचे हिमोग्लोबिन कमी असेल, तर तिचा अभ्यास कसा टिकणार?

पोषणाची पदवी आणि डॉक्टरकी : वाटा नीट समजून घ्या

अमेरिकेत बारावीनंतर थेट मेडिकलला जात नाहीत. आधी चार वर्षांची पदवी घेतात, मग एमकॅट नावाची प्रवेश परीक्षा देतात आणि मग चार वर्षांचे वैद्यकीय शिक्षण सुरू होते. ती पहिली पदवी कोणत्याही विषयाची चालते. फक्त जीवशास्त्र, रसायनशास्त्र, भौतिकशास्त्र असे ठरावीक विषय त्यात केलेले असावे लागतात. म्हणून तिथे काही विद्यार्थी मुद्दाम मानवी पोषण घेऊन पदवी करतात. त्यात जीवरसायन होते, शरीरक्रिया होते, आणि रोग्याच्या ताटाकडे पाहायची सवय लागते. नातेवाईक परदेशात असलेल्या घरांतून हे कानावर येते आणि आपल्याकडेही तसेच असेल असे वाटते.

आपल्याकडे तसे नाही. भारतात एमबीबीएस बारावीनंतर आहे. बारावीला भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र, जीवशास्त्र आणि इंग्रजी हवे आणि नीट हवी. पोषणशास्त्रात बीएस्सी करून एमबीबीएसच्या दुसऱ्या वर्षाला थेट प्रवेश मिळत नाही. नर्सिंग करूनही मिळत नाही. "बीएस्सी न्यूट्रिशन करा, मेडिकलला आत घालतो" असे सांगून कोणी एजंट पैसे मागत असेल तर तो फसवतो आहे. त्याला एक रुपयाही देऊ नका.

मात्र हेही लक्षात असू द्या की नीटला आता वयाची वरची मर्यादा नाही. बारावीचे विषय बरोबर असतील तर पदवीनंतरही परीक्षा देता येते. आणि पोषणशास्त्र ही स्वतःच्या पायावर उभी असलेली विद्या आहे. मुंबईत एसएनडीटी महिला विद्यापीठ आणि निर्मला निकेतन इथे हा विषय वर्षानुवर्षे शिकवला जातो. पुढे एमएस्सी करून दवाखान्यात आहारतज्ज्ञ होता येते, बालविकासाच्या आणि सार्वजनिक आरोग्याच्या कामात जाता येते. डॉक्टरकी हुकली म्हणून घेतलेला विषय असे त्याला समजू नका. पण ज्या मुलीला डॉक्टरच व्हायचे आहे तिने पदवीची वाट न पाहता अकरावीतच या विषयाशी मैत्री करावी. आपल्या राज्यात मेडिकलच्या तयारीतला पोषणाचा अभ्यास कनिष्ठ महाविद्यालयातच होतो.

आता धडा : भाकरीच्या घासाचा प्रवास

पाच इंग्रजी शब्द आधी वहीत मराठी लिपीत लिहा, कारण अकरावीत शिक्षक हेच बोलणार आहेत. इन्जेशन म्हणजे अन्न तोंडात घेणे. डायजेशन म्हणजे पचन. ॲब्सॉर्प्शन म्हणजे शोषण. ॲसिमिलेशन म्हणजे शोषलेले अन्न पेशींनी आपलेसे करणे. इजेशन म्हणजे उरलेले बाहेर टाकणे. पाच शब्द आणि पाच पायऱ्या, धड्याचा सांगाडा इतकाच आहे.

तोंड : भाकरीचा घास तोंडात टाकून मिनिटभर नुसता चावत राहा. हळूहळू गोडसर लागेल. लाळेतले ॲमायलेज नावाचे विकर पिष्टाचे तुकडे करून त्याची साखर करू लागते. डोळ्यांनी पाहायचे असेल तर भाताची पातळ पेज थंड करून दोन पेल्यांत घ्या. एकात थोडी लाळ मिसळा. दोन्ही पेले कोमट पाण्याच्या भांड्यात वीस मिनिटे ठेवा. मग दोन्हींत जखमेवर लावायच्या आयोडीनचा एक थेंब टाका. साधी पेज निळी-काळी होईल, लाळेच्या पेजेचा रंग फिका पडेल. झाले की पेज फेकून द्या, पेले घासून ठेवा. जे कळायला क्लासचे दोन तास लागतात ते इथे अर्ध्या तासात कळते.

जठर : इथे हायड्रोक्लोरिक आम्ल असते. पेप्सिनोजेन हे निष्क्रिय विकर त्याच्यामुळे पेप्सिन होते आणि प्रथिने तोडायला लागते. विकर निष्क्रिय का ठेवले असेल? सक्रिय असते तर ते बनवणाऱ्या पेशीलाच खाऊन टाकले असते. असा 'का' विचारायची सवय ठेवा. जठरातल्या काही पेशी इन्ट्रिन्सिक फॅक्टर नावाचा पदार्थही सोडतात. त्याच्याशिवाय बी-१२ जीवनसत्त्व पुढे शोषले जात नाही. हे नाव विसरू नका, पुढे लागेल.

यकृत आणि पित्त : पित्तात विकर नसते, तरी ते नसेल तर तेल-तूप नीट पचत नाही. का? पाण्यात तेल टाका, तवंग वर राहील. भांडी घासायच्या साबणाचे दोन थेंब टाकून ढवळा, तवंग फुटून बारीक थेंब होतील. पित्तातले क्षार हेच करतात. थेंब बारीक झाले की लायपेज या विकराला काम करायला जागा मिळते. पित्त यकृतात बनते आणि पित्ताशयात साठते.

लहान आतडे : लांबी साधारण सहा मीटर. आतून बोटांसारखे अगणित उंचवटे असतात, त्यांना व्हिलाय म्हणतात. गुळगुळीत कापड आणि टर्किश टॉवेल सारख्याच मापाचे घ्या. कोणता जास्त पाणी शोषतो? टॉवेलच, कारण त्याच्या धाग्यांच्या फासांमुळे पृष्ठभाग वाढतो. आतड्याचेही तसेच आहे. सारखे जुलाब होणाऱ्या, अस्वच्छ पाणी पिणाऱ्या मुलाचे हे उंचवटे खराब होतात. मग ताटात वाढलेले पोटात जाते पण अंगी लागत नाही. म्हणून वस्तीतला नळ, गटार आणि संडास हे पोषणाचेच प्रश्न आहेत.

शोषणानंतर : साखर आणि अमिनो आम्ले रक्तातून आधी यकृताकडे जातात. रक्तातली साखर वाढली की स्वादुपिंडातून इन्सुलिन येते आणि जादा साखर ग्लायकोजेन होऊन साठते. हा संप्रेरकांचा धडा झाला. पेशीत ग्लुकोज जळून ऊर्जा मिळते, तो श्वसनाचा धडा. अमिनो आम्लातला नायट्रोजन यकृतात युरिया होतो आणि मूत्रपिंड तो बाहेर टाकते, तो उत्सर्जनाचा. पाहा, एका घासामागे चालत गेलो तर नीटचे तीन धडे भेटले.

चार, चार, नऊ

हे तीन आकडे पाठ असू द्या. एक ग्रॅम कर्बोदकांतून शरीराला ४ किलोकॅलरी मिळतात, एक ग्रॅम प्रथिनांतून ४ आणि एक ग्रॅम मेदातून ९. आता घरातल्या एखाद्या वेफर्सच्या पाकिटाच्या मागची बारीक अक्षरे वाचा. समजा १०० ग्रॅममागे प्रथिने ७, कर्बोदके ७० आणि मेद २० ग्रॅम लिहिले आहे. ७ गुणिले ४ म्हणजे २८, ७० गुणिले ४ म्हणजे २८०, २० गुणिले ९ म्हणजे १८०. बेरीज ४८८. पोट भरल्यासारखे वाटेल, ऊर्जाही मिळेल, पण प्रथिने किती आली? अवघी सात ग्रॅम.

भारतीय वैद्यक संशोधन परिषद आणि राष्ट्रीय पोषण संस्था यांनी २०२० साली सांगितलेल्या प्रमाणानुसार प्रौढ माणसाला दर किलो वजनामागे रोज ०.८३ ग्रॅम प्रथिने लागतात. ५० किलो वजनाला साधारण ४१-४२ ग्रॅम होतात. वाढीच्या वयात याहून थोडी जास्त. एका अंड्यात साधारण ६ ग्रॅम, पेलाभर दुधात ६, मूठभर कोरड्या डाळीत ७ च्या आसपास. हिशेब करा, कुठे कमी पडते ते तुम्हालाच दिसेल.

डाळ-भात, भाकरी-पिठले, उसळ-पोळी या जोड्या आपल्या आजीने उगाच ठरवल्या नाहीत. धान्यात लायसिन हे अमिनो आम्ल कमी असते, ते डाळीत भरपूर असते. डाळीत मेथिओनिन कमी असते, ते धान्यात असते. एकाची उणीव दुसरे भरून काढते. अत्यावश्यक अमिनो आम्ले हा शब्द पुस्तकात आला की ताटातली ही जोडी आठवा.

प्रथिने आणि ऊर्जा दोन्ही कमी पडले की लहान मुलांना दोन आजार होतात. मरास्मसमध्ये मूल हाडाडते, कातडीला सुरकुत्या पडतात. क्वाशिओरकॉरमध्ये पाय आणि चेहरा सुजतो, त्यामुळे मूल गुटगुटीत आहे असा आईचा गैरसमज होऊ शकतो. हा आजार सिसिली विल्यम्स या डॉक्टरबाईंनी आफ्रिकेतल्या आजच्या घानामध्ये काम करताना १९३३ साली जगापुढे मांडला. क्वाशिओरकॉर हा तिथल्या गा भाषेतला शब्द. पाठचे भावंड आले की अंगावरून तुटलेल्या मुलाला होणारा आजार, असा त्याचा अर्थ. नाव त्यांनी तिथल्या आयांकडूनच घेतले. अंगणवाडीत दंडाला गुंडाळतात ती पट्टी याच कामाची. सहा महिने ते पाच वर्षांच्या मुलाच्या दंडाचा घेर ११.५ सेंटीमीटरपेक्षा कमी असेल तर ते तीव्र कुपोषित. त्याला त्याच दिवशी दवाखान्यात दाखवायचे असते.

परळच्या प्रयोगशाळेतून निघालेली गोळी

शाळा-कॉलेजात आठवड्याला एक निळी गोळी देतात. तिच्यात ६० मिलिग्रॅम लोह आणि ५०० मायक्रोग्रॅम फॉलिक ॲसिड असते. त्यातल्या फॉलिक ॲसिडची गोष्ट मुंबईची आहे.

लुसी विल्स या इंग्रज बाई. केंब्रिजला आधी वनस्पतिशास्त्र आणि भूशास्त्र शिकल्या, मग लंडनला वैद्यकी शिकून १९२० साली डॉक्टर झाल्या. १९२८ साली त्या मुंबईला आल्या आणि परळच्या हाफकिन संस्थेत काम करू लागल्या. गिरण्यांत काम करणाऱ्या गरीब बायका गरोदरपणात पांढऱ्याफटक पडत होत्या, काही दगावत होत्या. विल्सबाईंनी जंतू शोधले, पण त्याच जोडीने या बायका काय खातात तेही पाहिले. उंदरांवर आणि माकडांवर आहाराचे प्रयोग केले. काही काळ त्या दक्षिणेत कुन्नूरलाही काम करायला गेल्या. आज हैदराबादला असलेल्या राष्ट्रीय पोषण संस्थेची सुरुवात १९१८ साली त्याच कुन्नूरला झाली होती. शेवटी मार्माइट नावाच्या यीस्टच्या स्वस्त अर्काने या बायका बऱ्या होतात हे त्यांनी दाखवले आणि १९३१ साली ते प्रसिद्ध केले. त्या अर्कातल्या अनोळखी घटकाला 'विल्स फॅक्टर' म्हणू लागले. तोच पुढे फोलेट म्हणून ओळखला गेला.

यातून दोन गोष्टी शिकायच्या. पहिली शास्त्राची. फोलेट डीएनए बनवायला लागते. ते नसेल तर रक्तपेशी वाढतात पण वेळेवर विभागत नाहीत, म्हणून मोठ्या आणि कमी होतात. बी-१२ कमी पडले तरी असेच होते. लोह कमी पडले तर उलट पेशी लहान आणि फिक्या होतात. रक्ताच्या रिपोर्टवर एमसीव्ही हा आकडा असतो, तो पेशींचे आकारमान सांगतो. दुसरी गोष्ट डॉक्टरकीची. रोग्याच्या घरात काय शिजते हे न विचारता निदान पुरे होत नाही.

पांढरेपणा एकाच जातीचा नसतो

२०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात देशातल्या १५ ते ४९ वयाच्या स्त्रियांपैकी ५७ टक्के स्त्रियांना रक्तक्षय असल्याचे आढळले. महाराष्ट्रातही निम्म्याहून अधिक स्त्रियांना तो आहे. गरोदर नसलेल्या स्त्रीचे हिमोग्लोबिन १२ पेक्षा कमी, गरोदर स्त्रीचे ११ पेक्षा कमी आणि पुरुषाचे १३ पेक्षा कमी असेल तर त्याला रक्तक्षय म्हणतात. धाप लागणे, पुस्तक उघडताच झोप येणे, डोके दुखणे, अक्षरावर लक्ष न ठरणे ही त्याची लक्षणे. घरात मात्र "अभ्यास आला की हिला झोप येते" असे बोलणे मुलीला ऐकावे लागते. बोलण्याआधी रक्त तपासा. महापालिकेच्या दवाखान्यात किंवा प्राथमिक आरोग्य केंद्रात ही तपासणी होते.

लोहाची कमतरता हे मोठे कारण, पण एकटे नाही. पोटातले जंत, पाळीत जास्त जाणारे रक्त, मलेरिया, क्षय यांनीही रक्त कमी होते. जंतांसाठी शाळेत वर्षातून दोनदा अल्बेंडाझोलची गोळी देतात, ती चुकवू नका.

विदर्भातल्या वाचकांनी पुढचे नीट वाचावे. तिथे आपल्या समाजातही सिकल सेल आढळतो. हा रक्तक्षय खाण्यापिण्यातून होत नाही, आईबापांकडून येतो. हिमोग्लोबिनच्या बीटा साखळीत सहाव्या जागी ग्लुटामिक आम्लाऐवजी व्हॅलिन येते आणि पेशी विळ्यासारखी वाकते. हे वाक्य बारावीच्या आनुवंशिकतेच्या धड्यात आहे आणि नीटला हमखास अभ्यासायचे आहे. पण शेजारच्या घरात ते सांधेदुखी आणि वारंवारचे सलाइन होऊन राहते. सिकल सेलचा आजार लोहाच्या गोळ्यांनी बरा होत नाही. म्हणून हिमोग्लोबिन गोळ्या घेऊनही वाढत नसेल, घरात कोणाला हा आजार असेल, तर सिकल सेलची तपासणी करून घ्या. नवरा-बायको दोघेही वाहक असतील तर प्रत्येक गरोदरपणात मूल आजारी जन्मण्याची शक्यता चारांत एक असते. मेंडेलचे गणित ते हेच.

आपल्या चुलीवरचे अन्न कमी नाही

संतुलित आहाराच्या चित्रात बहुतेक वेळा सफरचंद, दूध, पनीर, सुकामेवा असतो. आपल्या मुलांना ते चित्र पाहून वाटते की आपल्या घरी खातो ते काही पुस्तकात लिहिण्याजोगे नाही. वहीत घरचे जेवण लिहायला ती लाजतात. शास्त्र असे लाजत नाही.

कलेजी आणि रक्ती यांतले लोह पालेभाजीतल्या लोहापेक्षा सहज शोषले जाते, कारण ते हिम रूपात असते. बी-१२ प्राणिज अन्नातूनच मिळते : अंडी, मासे, मांस, दूध. जठरातला तो इन्ट्रिन्सिक फॅक्टर आठवा, तो याचीच वाट पाहत असतो. सुकट आणि सुके बोंबील यांत प्रथिने आणि बी-१२ असते, आणि काट्यासकट खाल्ले तर कॅल्शियमही मिळते. फक्त मीठ जास्त असते, म्हणून रक्तदाब असलेल्यांनी धुऊन, बेतानेच खावे. नाचणीत कॅल्शियम भरपूर. शेंगदाणे, चवळी, हरभरा, शेवग्याचा पाला हे सगळे स्वस्त आणि पुस्तकातल्या तक्त्यात बसणारे अन्न आहे. जे मांसाहार करत नाहीत त्यांनी दूध-दही ठेवावे आणि हातापायाला मुंग्या येणे, जीभ लाल होणे अशी लक्षणे दिसल्यास बी-१२ तपासून घ्यावे.

आता काही सोप्या सवयी सांगते. जेवणावर लगेच चहा घेऊ नका, चहातले टॅनिन लोह अडवते. मध्ये तासभर जाऊ द्या. वरणावर, भाजीवर लिंबू पिळा, क जीवनसत्त्वाने लोह चांगले शोषले जाते. पालेभाजी आधी धुवा, मग चिरा, आणि फार वेळ शिजवू नका, फोलेट उष्णतेने आणि पाण्यात जाते. लोहाची गोळी जेवणानंतर घ्या, चहाबरोबर किंवा कॅल्शियमच्या गोळीबरोबर नको. शौचाला काळे होईल, त्याला घाबरू नका.

आणि आयांना एक विनंती. अभ्यास करणाऱ्या मुलीला सर्वांत शेवटी, उरलेले वाढू नका. स्वतःही तसे खाऊ नका. प्रौढ पुरुषाला रोज १९ मिलिग्रॅम लोह लागते, तर प्रौढ स्त्रीला २९. जिला जास्त लागते तिलाच कमी वाढायचे, हे गणित आपल्याच हाताने दुरुस्त करता येते.

कागदपत्रे आत्ताच

अभ्यासाइतकीच कागदपत्रेही महत्त्वाची. राज्यात अनुसूचित जातींना १३ टक्के जागा आहेत. १९९० च्या कायद्यातील दुरुस्तीनंतर बौद्ध धर्मांतरितांनाही केंद्रात अनुसूचित जातीचे हक्क मिळतात. त्यासाठी जातीचा दाखला आणि जात वैधता प्रमाणपत्र लागते. ते अकरावी-बारावीतच कॉलेजमार्फत अर्ज करून मिळवा, निकालानंतर धावपळ करू नका. अखिल भारतीय कोट्यासाठी केंद्राच्या नमुन्यातला दाखला वेगळा काढून ठेवा. वार्षिक उत्पन्न अडीच लाखांपर्यंत असेल तर महाडीबीटीवर मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्तीचा अर्ज करता येतो. वसतिगृह मिळाले नाही तर स्वाधार योजना आहे. नीटच्या प्रशिक्षणासाठी बार्टीच्या जाहिरातींवर लक्ष ठेवा.

स्वाध्याय

विहाराच्या अभ्यासिकेत चार-पाच जणांनी मिळून रविवारी हे प्रश्न सोडवा. उत्तरे वरच्या मजकुरातच आहेत.

१. पित्तात विकर नसूनही मेद पचायला ते का लागते?
२. पेप्सिन निष्क्रिय रूपात का बनते?
३. एका पदार्थात कर्बोदके ६० ग्रॅम, प्रथिने १० ग्रॅम आणि मेद १० ग्रॅम आहेत. एकूण ऊर्जा किती?
४. लोहाच्या आणि फोलेटच्या कमतरतेत रक्तपेशींचा आकार कसा वेगळा असतो?
५. सिकल सेलमध्ये कोणते अमिनो आम्ल बदलते आणि कुठे?
६. आपल्या घरातल्या प्रत्येकाने काल काय खाल्ले ते लिहा. कोणाच्या ताटात प्रथिने आणि लोह सर्वांत कमी होते? असे का?

तिसऱ्याचे उत्तर ३७० किलोकॅलरी. सहाव्याचे उत्तर कोणत्याही पुस्तकात सापडणार नाही, ते घरीच शोधावे लागेल. ज्या दिवशी ते लिहाल, त्या दिवशी संध्याकाळी घरातल्या सर्वांना मोठ्याने वाचून दाखवा.